शिलकेचा ताळा



घरखर्चाची रोजकीर्द लिहिण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. दौत-टांक गेले, वही राहिली. आतां पुष्कळ घरांतून त्या वहीची जागाही संगणकानें घेतली आहे. २०१६ सालीं यूपीआयची सोय झाल्यापासून तर भाजीचे वीस रुपयेही बँकेच्या खात्यांतून जाऊं लागले. महिनाअखेर खातेउतारा पाहावा, तर त्यांत शंभर-दीडशे ओळी! त्या हातानें उतरून घेण्यापेक्षां बँकेच्या संकेतस्थळावरून उताऱ्याची फाईल डाउनलोड करावी व ती हिशेबाच्या प्रोग्रामला द्यावी, हें सोयीचें खरें. परंतु ही देवघेव नेहमींच सुरळीत होते असें नाहीं. कधीं प्रोग्राम फाईल नाकारतो. कधीं ती स्वीकारतो, पण भलतेंच कांहीं लिहून ठेवतो. पहिली अडचण बरी, कारण ती समोर दिसते. दुसरी मुकाट्यानें घरांत शिरते आणि आपण तिच्यावर विश्वास ठेवून बसतों.

माझाच अनुभव सांगतों. २०२५ सालच्या जून महिन्याचा हिशेब पाहात होतों. औषधांचा खर्च ७,६८० रुपये दिसला. कामाच्या बाईंचा पगार ५,००० रुपये. मी चकित झालों आणि, खोटें कशाला सांगूं, कांहींशा कठोर स्वरांत घरांत विचारणा केली. सौभाग्यवतींनीं शांतपणें उत्तर दिलें, “अहो, गोळ्या त्याच आणि तितक्याच. बाईंचे अडीच हजार तर तुम्हीच मोबाईलवरून पाठविलेत. तुमच्या यंत्राला विचारा.” यंत्राला विचारल्यावर उलगडा झाला. मीं पूर्वीं एकदां १ मे ते ५ जून असा उतारा घातला होता व नंतर १ जून ते ३० जून असा दुसरा. पहिल्या पांच दिवसांच्या नोंदी दोनदां आल्या होत्या. नोंदी जुन्या नोंदींसारख्या दिसतात अशी सूचनाही प्रोग्रामनें दिली होती. ती न वाचतां मीं पुढें जाण्याचें बटण दाबलें होतें.

शाळेंत गणित शिकवितांना, “उत्तर आलें म्हणून पाटी खालीं ठेवूं नका, आधीं ताळा करा,” असें मी मुलांना वर्षानुवर्षें सांगत असें. स्वतःच्या घरच्या हिशेबांत तोच ताळा करावयास मी विसरलों होतों. तो ताळा असा: उताऱ्याच्या आरंभीची शिल्लक घ्यावी, तींत सर्व जमा रकमा मिळवाव्या, सर्व खर्च वजा करावा, जी शिल्लक उरेल ती उताऱ्यांतील अखेरच्या शिलकेशीं पैशापर्यंत जुळली पाहिजे. माझ्या उताऱ्यांत आरंभीची शिल्लक ४२,३०० रुपये, जमा ३८,५०० रुपये व खर्च ३१,६५० रुपये होता. अर्थात् अखेरची शिल्लक ४९,१५० रुपये. प्रोग्राममध्यें मात्र ४१,४०० रुपये दिसत होते. फरक ७,७५० रुपयांचा. औषधांचे ३,८४०, बाईंचे २,५०० आणि विजेच्या बिलाचे १,४१० मिळून तेवढेच होतात. शिलकेकडे आधीं नजर टाकली असती, तर तो प्रश्न घरांत विचारण्याची वेळच आली नसती.

आतां फाईलीचें स्वरूप समजावून घेऊं, म्हणजे दोष कोठें उद्भवतो तें ध्यानांत येईल. आपल्याकडील बँका बहुधा पीडीएफ, एक्सेल व सीएसव्ही ह्या तीन रूपांत उतारा देतात. पीडीएफ हें कागदाचें चित्र. तें माणसानें वाचण्यासाठीं असतें. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर, ज्यांत प्रत्येक नोंद एका ओळींत व तिचे भाग स्वल्पविरामांनीं वेगळे केलेले असतात. ह्यांखेरीज ओएफएक्स नांवाचें एक स्वरूप १९९७ सालीं मायक्रोसॉफ्ट, इंट्यूइट व चेकफ्री ह्या तीन अमेरिकन कंपन्यांनीं मिळून काढलें. त्यांत प्रत्येक व्यवहाराला बँकेनें दिलेला स्वतंत्र क्रमांक असतो. त्यामुळें तीच नोंद पुन्हां आली तर प्रोग्राम ती ओळखूं शकतो. ग्नूकॅश ह्या मोफत प्रोग्रामला ओएफएक्स व सीएसव्ही हीं दोन्ही समजतात. आपल्या बँकेकडे ओएफएक्सची सोय असेल तर तीच घ्यावी. नसेल तर सीएसव्हीवर भागवावें लागतें, आणि पुढील बहुतेक दोष सीएसव्हीचेच आहेत.

पहिला दोष फाईल न उघडण्याचा. पीडीएफला पासवर्ड असतो, व तिच्यांतील रकाने प्रोग्रामला दिसत नाहींत. अशा वेळीं कोणत्याशा अनोळखी संकेतस्थळावर ती फाईल चढवून रूपांतर करून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा, आपला खाते क्रमांक, पत्ता व सर्व व्यवहार आपण परक्याच्या हातीं देत असतों. त्यापेक्षां नेट बँकिंगमध्यें जाऊन त्याच मुदतीचा उतारा सीएसव्ही रूपांत मागावा. कित्येकदां फाईलीचें नांव एक्सेलचें असतें, पण पोटांत नुसता मजकूर असतो. ती लिबरऑफिससारख्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्यें उघडून सीएसव्ही म्हणून जतन करावी. मात्र उघडतांना संदर्भ क्रमांकाच्या व धनादेश क्रमांकाच्या रकान्यांना ‘मजकूर’ असें ठरवून द्यावें. एरवीं धनादेश क्रमांकाच्या आरंभींचीं शून्यें गळतात, आणि यूपीआयचा बारा अंकी क्रमांक संक्षिप्त घातांकांत दिसूं लागून तसाच जतन होण्याचा संभव असतो.

दुसरा दोष मथळ्याचा. फाईलीच्या आरंभीं नांव, पत्ता, शाखा अशा दहा-पंधरा ओळी असतात, व शेवटीं बेरजा. ह्यांना प्रोग्राम व्यवहार समजूं पाहतो आणि अडखळतो. वरच्या किती व खालच्या किती ओळी सोडाव्या हें सांगण्याची सोय बहुतेक प्रोग्रामांत असते, ती वापरावी.

तिसरा दोष तारखेचा, आणि तो मोठा फसवा आहे. आपण दिवस आधीं लिहितों, अमेरिकेंत महिना आधीं लिहितात. ०५/०६/२०२५ म्हणजे आपली ५ जून. अमेरिकन पद्धतीवर ठेवलेला प्रोग्राम ती ६ मे समजतो. जूनचा उतारा अशा रीतीनें गेला तर १ ते १२ तारखांच्या नोंदी जानेवारी ते डिसेंबर अशा बाराही महिन्यांच्या सहा तारखेस जाऊन बसतात. ६ जूनची तेवढी योगायोगानें जागेवर राहते. १३ पासून पुढच्या नोंदी तर नाकारल्याच जातात, कारण तेरावा महिना नाहीं. तेव्हां अर्ध्याहून अधिक नोंदी गहाळ झाल्या आणि उरलेल्या दर महिन्याच्या एकाच तारखेस दिसूं लागल्या, तर दुसरें कारण शोधूं नये. घातलेल्या नोंदी काढून टाकाव्या, तारखेची पद्धत ‘दिवस-महिना-वर्ष’ अशी करावी आणि फाईल पुन्हां घालावी.

चौथा दोष रकमेचा. आपण सव्वा लाख १,२५,००० असे लिहितों. सीएसव्हीमध्यें स्वल्पविराम हीच रकान्यांची भिंत. म्हणून ही रक्कम अवतरणचिन्हांत नसेल तर तिचे तीन तुकडे होऊन तीन रकान्यांत पडतात. उपाय सोपा आहे: मूळ फाईल तक्त्यांत उघडून त्या रकान्यांतील रकमा स्वल्पविरामाशिवाय लिहिण्याची योजना करावी व मग जतन करावें. कांहीं उताऱ्यांत रक्कम एका रकान्यांत आणि ती जमा कीं नांवें हें सांगणारीं अक्षरें शेजारच्या रकान्यांत असतात. हा दुसरा रकाना प्रोग्रामनें वाचला नाहीं, तर सगळाच खर्च जमेस लागतो व आपण कागदोपत्रीं श्रीमंत होतों! तेथें तक्त्यामध्येंच जमा व खर्च असे दोन निराळे रकाने पाडून घ्यावे.

येथें एक शंका पुष्कळांना येते. बँकेच्या उताऱ्यांत काढलेल्या पैशाला ‘डेबिट’ म्हणतात, आणि दुहेरी नोंदीच्या प्रोग्राममध्यें तर बँक खात्यांत आलेला पैसा ‘डेबिट’ होतो, हें कसें? दोन्ही बरोबर आहेत. उतारा बँकेच्या वहींतला आहे. आपली ठेव हें बँकेचें देणें, आणि तीच आपली मालमत्ता. म्हणून तिची जमा ती आपली नांवें. रकाने निवडतांना हें ध्यानांत ठेवलें कीं उलटसुलट होत नाहीं.

पांचवा दोष दुबार नोंदींचा. त्याची हकीकत वर आलीच आहे. उतारा नेहमीं पूर्ण महिन्याचा घ्यावा आणि मुदती एकमेकींवर चढूं देऊं नयेत, म्हणजे तो उद्भवतच नाहीं.

इतकें करूनही शिल्लक जुळली नाहीं तर? घाबरून सगळें पुसूं नये. फरकाची रक्कम कागदावर लिहावी आणि तिलाच प्रश्न विचारावे. फरक आरंभीच्या शिलकेइतका असेल, तर ती शिल्लक प्रोग्राममध्यें घालावयाचीच राहिली आहे. फरक एखाद्या नोंदीइतका असेल, तर ती नोंद सुटली आहे किंवा दोनदां आली आहे. फरक एखाद्या नोंदीच्या दुप्पट असेल, तर जमेची रक्कम खर्चांत किंवा खर्चाची जमेंत पडली आहे. आणि फरकाला ९ नें निःशेष भाग जात असेल, तर हातानें लिहिलेल्या एखाद्या रकमेंत अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव फार. ५४० च्या जागीं ४५० लिहिले तर फरक ९० येतो. ही जुन्या कारकुनांची युक्ति संगणकाच्या काळांतही तितकीच खरी आहे.

कामाचा क्रम थोडक्यांत असा ठेवावा. फाईल घालण्यापूर्वीं हिशेबाची एक प्रत निराळी जतन करावी. बँकेकडून आलेली मूळ फाईल न बदलतां ठेवावी. फेरफार तिच्या नकलेंत करावे. पहिल्या वेळीं एकाच महिन्याचा उतारा घालावा, ताळा पाहावा, आणि तो जमल्यावरच मागचीं वर्षें हातीं घ्यावीं. रकान्यांची मांडणी एकदां जमली कीं ती नांव देऊन जतन करावी. पुढच्या महिन्यास श्रम वांचतात.

हा सगळा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. ज्या हिशेबांत यंत्राच्याच चुका पसरलेल्या असतात, त्यांत परक्याची लबाडी दिसत नाहीं. ताळा जमलेला असेल तर न ओळखीची एक ओळही डोळ्यांत भरते. बँकेची वा ग्राहकाची चूक नसतां त्रयस्थाच्या फसवणुकीनें पैसे गेले आणि ग्राहकानें बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविलें, तर त्याच्यावर भार पडूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०१७ सालीं ठरवून दिलें. ह्यावरून त्वरेचें मोल कळेल. महिन्याची वाट न पाहतां आठवड्यांतून एकदां उताऱ्यावर नजर टाकावी, आणि संशय येतांच बँकेला कळवावें.

आणि दुसरें कारण घरगुती आहे. हिशेब हा घरांतील माणसांचा एकमेकांवरील विश्वास वाढविण्यासाठीं असतो. चुकीचा आंकडा हातीं धरून आपण आपल्याच माणसाला जाब विचारूं लागलों, तर त्या हिशेबापेक्षां कोरी वही पुष्कळ बरी. त्या दिवसापासून मीं एक नियम केला आहे. शिल्लक जुळल्याशिवाय घरांत खर्चाचा विषय काढावयाचा नाहीं. जुळल्यावर तो काढण्याचें कारण बहुधा उरतच नाहीं.