पोरगी राज्यशास्त्र घेते म्हणाली, तर?



दहावीचा निकाल लागला की गटाच्या मीटिंगमध्ये एकच चर्चा. पोरीला पुढे काय घ्यायचं? सायन्स म्हटलं की सगळ्या माना डोलावतात. आर्ट्स, त्यात राज्यशास्त्र म्हटलं की लगेच, "काय पुढारी व्हायचंय का?" म्हणून आधी हा विषय काय आहे ते बघू.

कोकणातली आणि घाटावरची कितीतरी माणसं गिरण्यांच्या काळापासून मुंबईत परळ-भोईवाड्यात राहतात. गावाकडच्या मुली तिथे आत्याकडे, मामाकडे राहून शिकतात. त्या भागात नुसतं पायी फिरलं तरी हा विषय कळतो. केईएम हॉस्पिटल मुंबई महापालिकेचं. जवळचं टाटा हॉस्पिटल केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाचं. भोईवाडा पोलीस ठाणं राज्याच्या गृह खात्याखाली. आणि भोईवाड्याचं कोर्ट? निकाल देताना ते यातल्या कुणाचाच हुकूम ऐकत नाही, कारण संविधानानं न्यायालयाला स्वतंत्र ठेवलंय.

गावातही असंच आहे. नळाचं पाणी ग्रामपंचायतीकडे, सातबारा राज्याच्या महसूल खात्याकडे, पोस्ट केंद्राकडे. कोणतं काम कुणाचं, त्याला तो अधिकार कुणी दिला आणि काम झालं नाही तर जाब कुठे विचारायचा, हे समजणं म्हणजे राज्यशास्त्र.

आपल्या राज्य मंडळाच्या शाळांत नववी-दहावीला इतिहासाबरोबर याची ओळख होते. अकरावीला स्वातंत्र्य आणि हक्क, समानता, न्याय, प्रतिनिधित्व, प्रशासन असे धडे असतात. बारावीला लेखी ८० आणि अंतर्गत २० गुण. नुसतं पाठांतर पुरत नाही. रोज पेपर वाचायची आणि स्वतःच्या शब्दांत लिहायची सवय लागते.

पुढे काय? एवढ्यावर नोकरी लागत नाही, हे खरंच. पण बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन ५ वर्षांचा कायद्याचा कोर्स करता येतो. बी.ए. करून एमपीएससीला बसता येतं. तिथे हाच अभ्यास कामी येतो.

आता आपल्याकडे बघा. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये बायकांना ५० टक्के जागा आहेत. तरी किती ठिकाणी सही सरपंचबाईची आणि कारभार नवऱ्याचा! खुर्ची मिळाली, पण नियम ठाऊक नाहीत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलंय ते वाचून बघितल्याशिवाय सही करू नये, हे सांगणारी एक शिकलेली पोर घरात असली तर सगळ्या गटाला आधार होतो.

म्हणून अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना त्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात का, ते आधी विचारून घ्या. शेजारीण काय म्हणेल ते राहू द्या. पोरीला काय आवडतं ते विचारा. आणि तिनं हा विषय घेतलाच, तर पुढच्या ग्रामसभेला तिला सोबत घेऊन चला.