भीमाशंकरची वनफेरी : पाऊलवाट, तळे आणि शेकरू

पुणे शहराच्या वायव्येस, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसलेले भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे. येथे उगम पावणारी भीमा पुढे उजनीचा जलाशय भरते, पंढरपुरी चंद्रभागा म्हणून पूजिली जाते आणि कर्नाटकात कृष्णेला मिळते. या उगमाभोवतीचे अरण्य शासनाने १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित केले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत विभागलेले आहे.

पायी फेरी

बहुसंख्य यात्रेकरू दर्शन घेऊन परततात. परंतु क्षेत्राचे खरे वैभव मंदिरामागील रानात आहे. साक्षी विनायक, गुप्त भीमाशंकर, हनुमान तळे व नागफणी ही स्थाने पाऊलवाटांनी गाठता येतात. सकाळी निघालेला पांथस्थ ती पाहून सायंकाळपर्यंत मंदिराशी परत येऊ शकतो. वाटेत जांभूळ, हिरडा व अंजनीची दाट सावली लाभते. सात वर्षांनी एकदाच फुलणारी कारवीही येथे आढळते. नागफणीच्या कड्यावरून खाली पसरलेले कोकण दृष्टीस पडते.

फांदीवरचा रहिवासी

महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ही या अरण्याची ओळख होय. ही मोठी खार क्वचितच जमिनीवर उतरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर ती सुमारे सहा मीटरपर्यंत झेप घेते आणि उंच फांद्यांवर एकाहून अधिक घरटी बांधते. झाडांचे शेंडे एकमेकांस भिडलेले असणे हीच तिच्या जगण्याची अट आहे. अरुंद पाऊलवाटेवर फांद्यांची कमान अखंड राहते. तीच वाट रुंद केली की कमान तुटते व शेकरूचा मार्ग खुंटतो. सोयीसाठी वाट वाढविण्याची मागणी होते तेव्हा ही गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे.

पावसाच्या माहेरी पाणीटंचाई

भीमाशंकरच्या माथ्यावर पाऊस धो-धो कोसळतो, तरीही उन्हाळ्यात भोवतालच्या वाड्यावस्त्यांना पाण्याची चणचण भासते. काळ्या पाषाणात पाणी फारसे मुरत नाही; तीव्र उतारावरून ते वेगाने वाहून जाते. पालापाचोळा व मुळांचे जाळे त्याचा वेग रोखते, म्हणूनच झरे काही काळ टिकतात. अशा मुलखात हनुमान तळ्यासारखा लहानसा पाणवठाही पशुपक्ष्यांना मोलाचा ठरतो. तेथे साबण लावून स्नान करणे, कपडे धुणे किंवा प्लॅस्टिक टाकणे म्हणजे त्यांच्या पिण्याच्या पाण्यात विष कालविणे होय.

राखण कोणाची?

येथील महादेव कोळी समाजाने देवाच्या नावाने राखलेल्या देवराया हा संरक्षणाचा जुना धडा आहे. पश्चिम घाटातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला व त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. बाळहिरड्याच्या वेचणीवर अनेक कुटुंबांचा संसार चालतो. त्यामुळे जंगल टिकणे हा त्यांच्या पोटापाण्याचाही प्रश्न आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला आहे. पंचायत सदस्यांनी त्याचा उपयोग पाणवठे स्वच्छ राखण्यासाठी व स्थानिक तरुणांना वाटाडे म्हणून काम मिळवून देण्यासाठी केला, तर पर्यटनाचा लाभ गावातच राहील.

शिक्षकांनी सहल आणावी ती हिवाळ्यात, लहान गटाने व वनविभागाचे नियम पाळून. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात व काही वेळा प्रवेशही बंद असतो. ध्वनिक्षेपक नको, वाट सोडून भटकणे नको. नेलेला कचरा परत आणावा. एखादे शेकरू झेप घेताना पाहिलेला विद्यार्थी झाडांची सलगता का जपावयाची, हे पुस्तकाविनाही समजेल.