वेगाला आवर घालणारी तरुणाई

जगात ५ ते २९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे पहिले कारण रस्ते अपघात आहे. त्यामुळे २००७ मध्ये जिनिव्हात जगभरचे तरुण जमले आणि २००९ मध्ये ‘यूथ फॉर रोड सेफ्टी’ ही संस्था उभी राहिली. तिच्याशी जोडलेले तरुण आपापल्या भागात सुरक्षित रस्ते आणि वाहतुकीसाठी काम करतात. त्यांचा वेगमर्यादेचा आग्रह मला सर्वांत मोलाचा वाटतो. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसली, तर पादचारी बहुधा वाचतो. ५० वर ती शक्यता झपाट्याने घटते. शिवाय गाड्या सावकाश धावल्या, तर मुलांना सायकलवर पाठवायला आईवडील धजावतात. रस्ते सुरक्षेविषयीच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही पादचारी, सायकलस्वार आणि वाहने जिथे मिसळतात, तिथे ३० चीच मर्यादा मागितली आहे.