हरणाऱ्या संघाचं बिनसतं कुठे?

कॉलेजचा बास्केटबॉल संघ ओळीनं तीन-चार सामने हरला की कुजबुज सुरू होते : ‘पोरांचं आपसात पटत नाही.’ मग प्रशिक्षक सगळ्यांना सहलीला नेतात, जेवू घालतात. हेतू चांगलाच, पण मैत्री वेगळी आणि खेळातली एकजूट वेगळी. कॅनडातील क्रीडा-मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट कॅरन आणि सहकाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मोजणारी प्रश्नावली १९८५ मध्ये तयार केली. पुढे २००२ मध्ये विद्यापीठांचे १८ बास्केटबॉल संघ आणि ९ फुटबॉल क्लब त्यांनी अभ्यासले. ध्येयाबाबत आणि कामाच्या वाटणीबाबत खेळाडू जितके एकदिलाचे, तितकं संघाचं यश जास्त, असं त्यात दिसलं.

अर्थात, पराभवानंही एकजूट ढासळते. त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे सांगणं कठीण.

धुसफुशीची सुरुवात पुष्कळदा बाकावरून होते. आपल्याला का बसवलंय, मैदानात उतरल्यावर नेमकं कुणाला अडवायचंय, हे त्या मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. बास्केट झाल्यावर मात्र ‘तो तुझा माणूस होता’ असं सगळे त्याच्यावरच ओरडतात. हे जेवणावळीत मिटत नाही. सरावात प्रशिक्षकानं त्याला त्याचं काम सांगावं लागतं, सगळ्यांसमोर.