जुन्या जीपला डिझेल इंजिन : कर्ज देण्याआधी टाकीपासून नोझलपर्यंत पाहा

एखादी ताई गटाकडे कर्ज मागते. घरची जुनी पेट्रोल जीप पडून आहे. तिला सेकंडहँड डिझेल इंजिन बसवून बाजारात माल न्यायचा तिचा बेत असतो. बेत चांगला आहे, पण कोटेशनमध्ये नुसती इंजिनची किंमत असेल, तर आपण सही करायची घाई करू नये. इंजिन बदललं की इंधनाची सगळी वाटच बदलते.

महिंद्राने मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली, त्या पेट्रोलच्या होत्या. पेट्रोल कार्बुरेटरमध्ये हवेत मिसळतं आणि प्लगच्या ठिणगीने पेटतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत दाबून तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतं. त्यासाठी पंप हवेच्या दाबाच्या शंभर पटीहून जास्त दाब देतो. एवढ्या नाजूक पंपाला गंज, पाणी किंवा कचरा सोसत नाही.

म्हणून मिस्त्रीला हे विचारा :

१. टाकी : गंज साफ केला का? उरलेलं पेट्रोल पूर्ण काढलं का? पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोल मिसळलं तर पंप झिजतो. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते. तिला वेल्डिंग लावलं तर स्फोट होतो. टाकी फुटकी असेल तर दुसरी घ्या.

२. परतीची नळी : जास्तीचं डिझेल पंप आणि नोझलकडून टाकीत परत यावं लागतं. जुन्या पेट्रोल टाकीला ही वाट बहुधा नसते, ती नवीन करावी लागते.

३. फिल्टर : पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच. पावसाळ्यात त्याच्या तळाचं पाणी वरचेवर सोडा.

४. नळ्या : डिझेलला टिकणारं रबर, पक्क्या क्लिपा, आणि सायलेन्सरपासून लांब. नळी कुठे सैल असली तर हवा शिरते, गाडी चालू होत नाही. काम झाल्यावर हातपंपाने हवा काढून दाखवायला सांगा.

५. बंद करायची सोय : जुनं डिझेल इंजिन नुसत्या चावीने बंद होत नाही. डिझेल तोडणारी स्टॉप केबल लागते.

आता कागद. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही. गाडी एमएच २७ असो की एमएच ३०, आधी कार्यालयात विचारा, कारण मंजुरी नाकारलीही जाऊ शकते. सेकंडहँड इंजिनाचं बिल घ्या. आर.सी. बुकात नवा इंजिन नंबर आणि इंधन चढवा, विमा कंपनीला कळवा. नोंद नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर विम्याचा दावा अडतो आणि कर्जाचा हप्ता त्या ताईच्या डोक्यावर राहतो.

तेव्हा ठरावात क्रम असा लिहा : आधी मंजुरी, मग पूर्ण कोटेशन, मग पैसा. हा पैसा आपल्या सगळ्यांच्या बचतीचा आहे.