दोन विजय आणि सात शतांश धाव

कुर्डुवाडी जंक्शनातून एक लोहमार्ग फलंदाज विजय मर्चंट यांच्या मुंबईला जातो, दुसरा पंढरपूरवरून मिरजेला. मिरजेला खेटून सांगली, दुसरे फलंदाज विजय हजारे यांचं जन्मगाव. त्या दोघांच्या काळी पहिला ब्रॉडगेज होता, दुसरा बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी नॅरोगेज. माल पलीकडे न्यायचा तर एक वाघीण रिकामी करून दुसरी भरायची. फलंदाजांचे आकडे ताडून पाहतानाही हमाली चुकत नाही.

कसोटीत मर्चंट यांची सरासरी ४७.७२, हजारे यांची ४७.६५. सात शतांश धावेचा फरक! पण मर्चंट १० कसोटींत १८ डाव खेळले, अठराही वेळा बाद झाले, धावा ८५९. हजारे ३० कसोटींत ५२ डाव खेळले, सहा वेळा नाबाद राहिले, धावा २,१९२. सरासरी काढताना भागतात ते किती वेळा बाद झाला त्या संख्येनं. नाबादांना यात फुकटचा फायदा मिळतो, ही तक्रार जुनी आहे. मला ती पटत नाही. नाबाद डाव म्हणजे अर्ध्यावर थांबलेली मोजणी. तिला पूर्ण डाव मानणं हाच खरा अन्याय.

१९४५ साली इंग्लंडमध्ये एल्डर्टन आणि वुड या अभ्यासकांनी धावसंख्यांची वाटणी तपासली. ती ढोबळमानानं गुणोत्तर श्रेणीसारखी निघाली: छोटे डाव पुष्कळ, मोठे झपाट्यानं विरळ. अशा वाटणीत धावांचा विखुरलेपणा जवळजवळ सरासरीइतकाच असतो. म्हणून सरासरीला बाद-संख्येच्या वर्गमूळानं भागलं की तिच्यातली अनिश्चितता कळते. मर्चंट यांच्यासाठी ती सुमारे ११ धावा, हजारेंसाठी ७. यापुढे सात शतांशाची काय मातब्बरी?

पडताळा हवा तर नोव्हेंबर १९५१ची दिल्ली कसोटी पाहा. इंग्लंडविरुद्ध दोघांनी २११ धावांची भागी केली. मर्चंट १५४, हजारे नाबाद १६४. ही एक कसोटी वगळली, तर मर्चंट ४१.४७वर घसरतात, हजारे ४४.०९वर. क्रमच उलटतो.

प्रथम श्रेणीत चित्र निराळं. मर्चंट ७१.६४, हजारे ५८.३८. तिथे बाद होण्याच्या नोंदी शेकड्यांनी आहेत, त्यामुळे १३ धावांची दरी निव्वळ नशिबाची म्हणता येत नाही. तरी गोलंदाजीची प्रत कोणत्याच सरासरीत उतरत नाही. मर्चंट यांच्या दहाही कसोट्या इंग्लंडविरुद्ध झाल्या. हजारेंनी १९४८मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं काढली, ११६ आणि १४५.

१९४३च्या, धर्मवार संघांच्या पंचरंगी सामन्यात दोघे समोरासमोर होते. मर्चंट यांनी हिंदू संघाकडून नाबाद २५० केल्या. फॉलोऑननंतर ‘रेस्ट’ संघाच्या ३८७ धावांत एकट्या हजारेंच्या ३०९ होत्या, तरी ‘रेस्ट’ डावानं हरले. हिशेबाच्या वहीत मर्चंट यांच्या नावावर अडीचशे धावा चढल्या आणि बाद शून्य. हजारेंच्या त्रिशतकापुढे मात्र एक बाद लागला.