अद्भुतरम्य कादंबरीवरील कोशनोंद : परीक्षण आणि परिष्करण

कोशातील नोंद वाचकाला दोन गोष्टी देते : माहिती, आणि ती माहिती कोणाच्या आधारावर उभी आहे ह्याची जाणीव. विषय अद्भुतरम्य कादंबरीचा असेल तर ही दुसरी गोष्ट विशेष कठीण होते. कारण अशा नोंदीत तीन जातींची विधाने एकत्र येतात. काही विधाने कथेतील सृष्टीविषयी असतात, काही प्रत्यक्ष ग्रंथाविषयी आणि काही त्या ग्रंथावर इतरांनी दिलेल्या अभिप्रायांविषयी. नोंदीचे परीक्षण म्हणजे प्रथमतः ह्या तीन जाती वेगळ्या करणे होय.

हा भेद वर्धा जिल्ह्यातीलच एका उदाहरणाने स्पष्ट होईल. सेलू तालुक्यातील केळझर हे गाव महाभारतातील एकचक्रनगरी होय, अशी परंपरागत समजूत आहे. भीमाने बकासुराचा वध केला ती ही नगरी. हाच मान जळगाव जिल्ह्यातील एरंडोल ह्या गावालाही दिला जातो. आता ‘भीमाने केळझर येथे बकासुराला मारले’ असे वाक्य कोशात आले, तर आख्यायिकेला इतिहासाचा दर्जा मिळतो आणि एरंडोलची परंपरा नकळत खोटी ठरते. ‘मारले असे सांगतात’ एवढ्या फरकाने दोन्ही परंपरांना जागा राहते आणि लेखकही आपल्या मर्यादेत राहतो. बोलभाषेत हेच काम ‘म्हणे’ हा एकच शब्द करतो. ऐकीव आणि प्रत्यक्ष ह्यांतील भेद दाखविण्याची सोय मराठीच्या अंगीच आहे. कोशकाराने ती वापरली पाहिजे.

कादंबरीच्या कथानकासाठी ‘सांगतात’ची गरज नसते, तेथे क्रियापदाचा काळ उपयोगी पडतो. ‘नायिका अरण्यात एकटी सापडते’ हे वाक्य कथेतील घटना सांगते, आणि ‘कादंबरी १८६१ मध्ये प्रसिद्ध झाली’ हे ग्रंथाच्या इतिहासातील घटना सांगते. कथानकासाठी वर्तमानकाळ आणि ग्रंथेतिहासासाठी भूतकाळ हा संकेत पाळला, म्हणजे वाचकाला आपण कोणत्या सृष्टीत आहोत हे प्रत्येक वाक्यात कळते. कच्च्या नोंदीत हा संकेत बहुधा मध्येच मोडतो. कथानक रंगू लागते, लेखक कथनकाराच्या भूमिकेत शिरतो, आणि नोंदीचा मोठा भाग कथासारानेच व्यापला जातो. अशा वेळी कथासार आखडते घेऊन ग्रंथाच्या रचनेला, प्रसिद्धीला व परिणामाला जागा देणे हे परिष्करणाचे पहिले काम होय.

दुसरे काम संज्ञांचे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) ही अद्भुतरम्य परंपरेच्या आरंभीची कादंबरी म्हणून गणली जाते. बाबा पदमनजी ह्यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७), हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि रा. भि. गुंजीकर ह्यांची ‘मोचनगड’ (१८७१) ह्या तीन कृतींच्या आधारे भालचंद्र नेमाडे ह्यांनी मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या आहेत. ही मांडणी नोंदीत अवश्य यावी. पण ती समीक्षकाच्या नावासह यावी. तसेच ‘अद्भुतरम्य’ हे विशेषण मराठी समीक्षेत मुख्यतः ‘रोमान्स’साठी रूढ झाले. विसाव्या शतकातील टोल्किनसारख्या लेखकाच्या ‘फँटसी’ला तेच विशेषण लावल्यास दोन भिन्न वाङ्मयप्रकार एक भासतात. काशिनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२ मध्ये ह्या वाङ्मयाचा विचार ‘नावल’ ह्या नावाखाली केला होता, आणि वि. का. राजवाडे ह्यांनी १९०२ मधील निबंधाला ‘कादंबरी’ हे नाव दिले. संज्ञेला इतिहास असतो, आणि नोंदीने तिला तिच्या काळात ठेवून वापरावे.

वर्ध्यासारख्या ठिकाणी ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. राष्ट्रभाषा प्रचार समिती (१९३६) आणि महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय (१९९७) ह्यांच्यामुळे येथे हिंदी व मराठी ह्यांचा व्यवहार नित्याचा आहे, आणि हिंदीतील नोंद मराठीत आणण्याचा मोहही स्वाभाविक आहे. बाणभट्टाच्या ग्रंथाचे नाव मराठीत वाङ्मयप्रकाराचे नाव झाले. हिंदीत मात्र त्यासाठी ‘उपन्यास’ हा शब्द आहे आणि ‘कादंबरी’ म्हणजे बाणाचा ग्रंथच. देवकीनंदन खत्री ह्यांच्या ‘चंद्रकांता’वरील नोंद मराठीत आणताना ‘तिलिस्म’ म्हणजे मंत्रतंत्राने बांधलेली गूढ वास्तू व ‘ऐयार’ म्हणजे वेषांतरात निष्णात असा हेर, हे सांगावेच लागते. त्यांना ‘जादू’ व ‘गुप्तहेर’ असे सरसकट प्रतिशब्द दिल्यास त्या कादंबरीचे वैशिष्ट्यच नाहीसे होते.

तिसरे काम आधारांचे. १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात नोंद लेखकाच्या नावाने येते आणि संपादकमंडळ तिची जबाबदारी घेते. २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियावर मात्र नोंद कोणीही बदलू शकतो. तेथे लेखकाच्या अधिकाराची जागा संदर्भाने भरून काढावी लागते. म्हणून परीक्षकाने प्रत्येक मूल्यवाचक विशेषणापाशी थांबावे. ‘लोकप्रिय’ म्हटले असेल तर आवृत्त्या किती निघाल्या? ‘पहिली’ म्हटले असेल तर कोणत्या व्याख्येप्रमाणे? उत्तर मिळाले तर विशेषणाच्या जागी ते उत्तर लिहावे. न मिळाल्यास विशेषण गाळावे.

एकोणिसाव्या शतकातील ह्या कादंबऱ्या आज फारशा वाचल्या जात नाहीत. पुष्कळ विद्यार्थ्यांची त्यांच्याशी पहिली, आणि कित्येकदा शेवटची, भेट कोशनोंदीतच होते. ‘अद्भुतरम्य, म्हणून असंभाव्य, म्हणून गौण’ अशी साखळी एका नोंदीतून दुसरीत उतरत गेली, की ग्रंथ न उघडताच त्याचा निकाल लागतो. परिष्कृत नोंद हा निकाल खुला ठेवते व वाचकाला मूळ ग्रंथाकडे पाठविते. म्हणून परीक्षकाने लेखणी हाती घेण्यापूर्वी ती कादंबरी स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचलेली असावी, ही ह्या कार्याची पहिली अट होय.